घरतबाईंची खिडकी

अर्जातला ‘नम्र’ हा शब्द घरतबाई लाल पेनाने खोडायच्या. आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीची खिडकी त्यांच्याकडे होती. माझा पहिला अर्ज वाचून म्हणाल्या, “फी-माफी मागतेस का पाया पडतेस? नीट लिहून आन.” मला त्यांचा भयंकर राग आला.

बाई खाडीकाठच्या गावच्या. शहर वसवायला घरची भातशेती गेली, बदल्यात ही नोकरी मिळाली. “आमच्याच शेतात आमाला खुर्ची दिली, आनि वर उपकार!” हे त्या कुणालाही सुनावायच्या. प्राचार्यांनासुद्धा.

माझे बाबा न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवायचे. मी दुसऱ्या वर्षाला असताना कंटेनर उतरवताना त्यांचा पाय चिरडला आणि काम सुटलं. माझा उत्पन्नाचा दाखला आदल्या वर्षीचा, बाबा कमावते असतानाचा. सरकारी योजनेत तो बसेना. तेव्हा बाईंनी एका खासगी ट्रस्टचा फॉर्म काढून दिला. त्यात घराचे आतून फोटो मागितले होते. सानपाड्याच्या आमच्या खोलीत आईने फोटोपुरती फ्रिजवर चादर टाकली.

मुलाखतीला बाई रजा टाकून माझ्याबरोबर आल्या. समितीतल्या एका गृहस्थांनी फोटो पुढे सरकवला. “या चादरीखाली काय आहे?”

“फ्रिज,” मी म्हटलं.

“म्हणजे लपवलंत.”

माझे कान तापले.

“हाय फ्रिज. मग?” बाई कडाडल्या. “तो विकून किती सेमिस्टर निघतील, सांगा ना! पोरीची फी द्यायला तिच्या आयशीचं सयपाकघर कशाला बगता?”

“मॅडम, आम्हाला खरे गरजू शोधायचे असतात.”

“शोधा. पन लोकांच्या घरात नाक खुपसून नको.”

मदत नाकारली गेली. वर ट्रस्टने कॉलेजकडे तक्रार केली आणि आठवड्याभरात प्राचार्यांनी बाईंची खिडकी काढून घेतली. तळमजल्यावरच्या गोदामात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमध्ये त्यांना बसवलं. मी रडत तिथे गेले. “बाई, हे माझ्यामुळे झालं.”

“तुज्यामुळं? तुज्या आयशीला चादर टाकायची पाळी ज्यांनी आनली, त्यांच्यामुळं. रडू नको, चीड! आनि उद्या धा वाजता तहसीलला ये.”

चार हेलपाटे त्यांनी माझ्याबरोबर घातले. नवा दाखला मिळाला, सरकारी योजनेत नाव लागलं, मी पदवीधर झाले. बाई मात्र गोदामातच राहिल्या.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्या गेल्या. कॉलेजने शोकसभा घेतली, मीही गेले. तेच प्राचार्य हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहून म्हणाले, “घरतबाई आमच्या कुटुंबातल्याच. विद्यार्थ्यांची सेवा त्यांनी अखेरपर्यंत हसतमुखाने केली.”

मी उठले. “सर, बाई हसतमुख नव्हत्या. आणि अखेरची चार वर्षं त्यांच्याकडे विद्यार्थ्यांचं कामच ठेवलं नव्हतं. त्यांना गोदामात कोणी बसवलं, तेही सांगा.”

“ही ती वेळ नव्हे,” प्राचार्य म्हणाले.

“मग कोणती?”

मागून कुणीतरी माझी ओढणी ओढली. “बस गं खाली.”

मी बसले नाही.