बॅटरीवाल्या मालतीताई

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मालतीताई कधीही ‘काय हवं?’ असं विचारत नसत. त्या विचारत, ‘‘हे बंद पडलं तर कोणाचं काय अडेल?’’ टॅक्सीवाला म्हणे, माझं पोट अडेल. लग्नात लाउडस्पीकर लावणारा म्हणे, वरपक्ष मला मांडवातच बदडेल. मग ताई मान हलवत, वहीत काहीतरी टिपत आणि त्यानंतरच बॅटरीची गोष्ट निघे. काही गिऱ्हाइकं वैतागून शेजारच्या दुकानात जात. त्यांच्या पाठीकडे बघत ताई म्हणत, ‘‘त्याला काय हवंय ते त्याला माहीत नाही. मलाही नाही. दोन मिनिटं बसला असता तर दोघांनाही कळलं असतं.’’

सियालदह स्टेशनमागे घाऊक भाजीबाजाराला लागून असलेल्या गल्लीत ते दुकान होतं. ताईंचे वडील तरुणपणी साताऱ्याहून कलकत्त्याला आले आणि बॅटऱ्या दुरुस्त करायला शिकले. ताईंचा जन्म इथलाच. पदार्थविज्ञान घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या, काही वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं आणि वडिलांनी अंथरूण धरल्यावर दुकानात येऊन बसल्या त्या बसल्याच. बंगाली मुली बाईंना ‘दिदिमणि’ म्हणतात; ती हाक शाळेतून त्यांच्या मागोमाग दुकानात आली. ॲसिडचे थेंब उडून त्यांच्या सुती साड्यांना बारीक भोकं पडत. प्रत्येक भोकावर त्या रंगीत दोऱ्याने एक फूल भरत. साडी जितकी जुनी तितकी फुलं जास्त.

मी त्या वेळी सव्वीस वर्षांचा होतो. नदीची खोली मोजणाऱ्या एका सरकारी कचेरीत पुण्याहून नुकताच बदलून आलो होतो आणि आपल्याला पुष्कळ कळतं अशी माझी समजूत होती. आमची लाकडी मोटरलाँच बागबाजारच्या घाटावर असे. ती माझ्याहून वयाने मोठी. तिचा सारेंग, म्हणजे लाँच चालवणारा मुख्य खलाशी, हरिपददा. त्याची नोकरीची दोन वर्षं उरली होती आणि त्याला घरापेक्षा लाँच जवळची होती.

हुगळीला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कधीकधी ‘बान’ येतो. समुद्राची भरती भिंतीसारखी उभी राहून नदीतून वर धावत येते. अशा वेळी नाव घाटाला बांधलेली असली तर दगडांवर आपटून फुटते. म्हणून नावाडी आधीच नावा मधल्या धारेत नेतात आणि लाटेला तोंड देऊन उभ्या करतात. त्या पावसाळ्यात ऐन बानाच्या वेळी आमचं इंजिन सुरू झालं नाही. बॅटरीने नुसता कण्हल्यासारखा आवाज काढला. लाँचच्या तीन फळ्या फुटल्या. आमचे साहेब घाटावर येऊन एवढंच म्हणाले, ‘‘आणखी एकदा असं झालं, तर ही भंगारात.’’ हरिपददा फुटलेल्या फळीवर हात ठेवून उभा राहिला.

नवीन बॅटरी आणि चार्जर निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी ताईंच्या दुकानात जाऊन इंग्रजीत ऐटीत सांगितलं की सगळ्यांत मोठी बॅटरी आणि सगळ्यांत दणकट चार्जर द्या. वर स्वतःशी मराठीत पुटपुटलो, ‘‘बाईंना काय कळणार!’’

‘‘बाईंना मराठी कळतं,’’ ताई म्हणाल्या. ‘‘बसा. हे बंद पडलं तर कोणाचं काय अडेल?’’

मी चांगलाच ओशाळलो. सगळी हकिगत सांगितली. त्या ऐकत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, ‘‘लाँच बघितल्याशिवाय मी बॅटरी देत नाही.’’

दुसऱ्या दिवशी त्या लाँचवर आल्या. पदर खोचून इंजिनघरात उतरल्या. दिवे किती, किती वेळ जळतात, खोली मोजायचं यंत्र किती वीज खातं, हरिपददाचा पंखा कधी चालतो, सगळं विचारलं. पंख्याची गोष्ट हरिपददाने कचेरीपासून लपवली होती. ‘‘मला खोटं सांगू नका, मी साहेब नाही,’’ असं ताईंनी म्हटल्यावर त्याने तो फळीमागून काढून दाखवला.

‘‘चूक बॅटरीची नव्हती,’’ ताई मला म्हणाल्या. ‘‘तुमचा एकच बैल दिवसभर नांगराला आणि संध्याकाळी शर्यतीला. तो बसणारच. दोन बॅटऱ्या घ्या. एक फक्त इंजिन सुरू करायला. ती क्षणभर जोर लावते, पण रोज रिकामी केली तर मरते. दुसरी रेल्वेच्या डब्यातल्या दिव्यांना असते तशी जाड नळ्यांची. ती हळूहळू रिकामी झाली तरी कुरकुरत नाही. आणि दोघींच्या तारा वेगळ्या ठेवा.’’

‘‘जुनी बॅटरी अजून बरी आहे. ती नवीच्या जोडीला लावली तर?’’ मी विचारलं.

‘‘नवी तिला भरवत बसेल आणि दोघी उपाशी राहतील.’’

चार्जरचं त्यांनी लगेच काही सांगितलं नाही. दणकट चार्जरने बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या पट्ट्या वाकतात. अगदी लहान घेतला तर ती भरतच नाही, कारण लोडशेडिंगमुळे घाटावर वीज असायची तासाच्या हिशोबाने. वीज नक्की किती तास असते ते कोणालाच सांगता येईना. ‘‘माहीत नाही. बघू या,’’ ताई म्हणाल्या. हे त्यांचं आवडतं वाक्य. इतर लोक ‘माहीत नाही’ म्हणताना खजील होतात. ताईंचा चेहरा उजळायचा. त्यांनी घाटावरच्या चहावाल्याला एक वही दिली आणि वीज गेली-आली की वेळ लिहायला सांगितलं. तो आठवडाभर इमानाने लिहीत होता. ती वही बघून त्यांनी मधल्या ताकदीचा चार्जर निवडला. बॅटरीच्या पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि बजावलं, ‘‘सेलमध्ये घालायचं ते हेच. वाफेचं, डिस्टिल्ड पाणी. दुसरं कुठलंही नाही.’’ हे त्यांनी मला सांगितलं. हरिपददाला सांगायचं काम माझं होतं आणि मी ते विसरलो.

त्यानंतर इंजिन बटण दाबताक्षणी सुरू व्हायला लागलं. हरिपददा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ते दाखवी. मग विश्वकर्मा पूजा आली. बंगालमध्ये त्या दिवशी यंत्रांची पूजा करतात, कामाला सुट्टी असते. हरिपददाने इंजिनाला हार घातला, शेंदूर लावला आणि ते सुरू करणाऱ्या नवीन बॅटरीची सहाही झाकणं उघडून प्रत्येक सेलमध्ये पळी-पळीने काठोकाठ गंगाजल घातलं. नवी सून घरात आली की तिचे लाड करावेत, तसं त्याने ते मनापासून केलं. पुढे आठवडाभर लाँच रंगासाठी घाटालाच उभी होती.

महालयाच्या अमावास्येच्या आदल्या दिवशी मी हायड्रोमीटर लावला. सेलमधलं पाणी ओढून बॅटरीत किती दम आहे ते दाखवणारी ही काचेची नळी. आतला तरंगता काटा पार तळाला. काय झालं ते हरिपददाने भोळेपणाने सांगितलं. माझं डोकं फिरलं. सगळ्या खलाशांसमोर मी त्याला मूर्ख म्हणालो, तुझं नाव साहेबांना लिहून कळवतो म्हणालो. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, खाली मान घालून ऐकत राहिला. स्वतः सांगायला विसरलो होतो, हे मला तेव्हा आठवलं नाही. खरं म्हणजे आठवलं होतं.

दुकानात फोन केला. ताई म्हणाल्या, उद्या लॉरीची मोठी बॅटरी घेऊन येते. पण दुसऱ्या दिवशी शहर बंद. ट्राम नाही, टॅक्सी नाही, हातगाडीवाला यायला तयार नाही. रात्रभर घाटावर वीजही नव्हती, त्यामुळे दिव्यांची बॅटरीही उतरली होती. बान दुपारी येणार होता. अकराच्या सुमारास ताई खांद्याला कापडी पिशवी लावून, सियालदहहून चालत घाटावर आल्या. पिशवीत हायड्रोमीटर, पाना आणि एक रिकामी बाटली.

मला वाटलं, आता हरिपददाची आणखी हजेरी घेतली जाणार. ताईंनी त्याला जवळ बसवलं आणि बंगालीत विचारलं, ‘‘पाणी कुठून घेतलंत? काठावरचं की मधलं? भरतीचं की ओहोटीचं?’’

‘‘जोयारेर जल, दिदिमणि,’’ तो पुटपुटला. भरतीचं. काठावर घाण असते म्हणून मुद्दाम होडीने मध्ये जाऊन भरून आणलं होतं.

‘‘भरतीचं!’’ ताईंचे डोळे चमकले. ‘‘म्हणजे मातीतल्या लोखंडाबरोबर समुद्राचं थोडं मीठही असेल का? माहीत नाही. बघू या.’’ त्यांनी बाटली नदीतून भरून घेतली. लाँच जायची वेळ आली होती आणि या बाई नमुना घेत होत्या! मी चिडून म्हणालो, ‘‘ताई, आता काय करायचं?’’

त्यांनी सहाही सेल तपासले. ‘‘एकदाच जोर लावेल. दोनदा नाही,’’ म्हणाल्या आणि पुन्हा हरिपददाकडे वळल्या. ‘‘बॅटरी नव्हती तेव्हा हे इंजिन तुम्ही कसं सुरू करत होता?’’

हरिपददाने मान वर केली. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच. इंजिनाच्या डोक्यावर एक दांडी होती. ती उचलली की आतला दाब सुटतो आणि चाक हाताने फिरवता येतं. चाकाला वेग आला की दांडी पाडायची. पूर्वी त्याला दोन माणसं लागत. आता ती ताकद उरली नव्हती.

‘‘अर्धी ताकद तुमची, अर्धी बॅटरीची,’’ ताई म्हणाल्या. ‘‘तेल सैल होईपर्यंत हाताने फिरवा. वेग आला की मला सांगा.’’

दक्षिणेकडून घाटाघाटावरून बान येतोय अशी आरोळी येत होती, ‘‘बान आसछे! बान आसछे!’’ बाकीच्या नावा निघून गेल्या होत्या. मी आणि हरिपददा दांडी उचलून चाक फिरवत होतो. माझ्या तळहाताची सालं निघाली. ताई बटणावर अंगठा ठेवून उभ्या होत्या, पण दाबत नव्हत्या. मी ओरडलो, ‘‘दाबा ना!’’ त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या हरिपददाच्या तोंडाकडे बघत होत्या. ‘‘एबार!’’ तो गरजला, आत्ता! ताईंनी बटण दाबलं, त्याने दांडी पाडली. इंजिन एकदा अडखळलं, खोकलं, आणि सुरू झालं.

मधल्या धारेत पोहोचायला आणि मातकट पाण्याची भिंत समोर यायला एकच गाठ पडली. हरिपददाने लाँचचं नाक लाटेला लावलं. लाँच वर चढली, खाली आपटली, पुन्हा चढली. ताई कठड्याला घट्ट धरून, भिजून चिंब, लाट मागे किती लांब जाते ते वळून बघत होत्या. भीती वाटली का, असं मी नंतर विचारलं. ‘‘वाटली ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण इतक्या जवळून कधी बघायला मिळणार होती?’’

साहेबांकडे मी अहवाल दिला तो फक्त सेल धुऊन नवीन ॲसिड भरल्याचा. लाँच भंगारात गेली नाही. मालतीताई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या पुतण्याचं पत्र मला नागपूरला उशिरा मिळालं आणि त्या दिवशी मी कचेरीत दार लावून रडलो. त्यांची आठवण आली की मला बान आठवत नाही, पुढच्या वर्षीची विश्वकर्मा पूजा आठवते.

मी बदलून जाणार होतो, म्हणून त्या दिवशी घाटावर गेलो. ताई आधीच आल्या होत्या. वर्षभरात हरिपददाने माझ्यादेखत बॅटरीला हात लावला नव्हता. त्या दिवशीही तो इंजिनाची पूजा करून बॅटरीपासून दूर उभा होता. ताईंनी पिशवीतून एक बाटली काढून त्याच्यापुढे धरली. पाणी काचेइतकं स्वच्छ होतं.

‘‘याच घाटावरून नेलेलं गंगेचं पाणी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दुकानात उकळून त्याची वाफ धरली. चार दिवस लागले. हे चालतं बॅटरीला.’’

हरिपददाने बाटली कपाळाला लावली. मग पळी हातात घेतली आणि तसाच थांबून माझ्याकडे बघू लागला. मी खाली बसलो आणि सहाही झाकणं स्वतः उघडून दिली.