काकांचं फंक्शन आणि माझे मीटर

"थांब. मला काय पोचलं ते आधी सांगतो."

उजव्या हाताचं बोट वर, डोळे मिटलेले. तुम्ही काहीही सांगा, काका ते आधी स्वतःच्या शब्दांत तुम्हाला परत ऐकवणार आणि शेवटी विचारणार, "बरोबर?" तुम्ही "बरोबर" म्हटल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. आमच्या दिवाळे गावाच्या धक्क्याजवळच्या टपरीवर तर ते उलटं करायचे. दोन कटिंग सांगून चहावाल्यालाच विचारायचे, "तुला काय पोचलं?"

"काका, चाय हाय, ऑपरेशन नाय," तो म्हणायचा.

धक्क्यावर रोज येणाऱ्यांनी त्यांना नक्की पाहिलं असेल. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. घणसोली गावात भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे आणि दोन बस बदलून आमच्याकडे यायचे, ते खाडीचं पाणी मोजायला. धक्क्याच्या कडेला त्यांनी एक बांबू रोवला होता आणि होडीच्या उरलेल्या रंगाने त्यावर सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या. आमच्या बाया त्यांना सेंटीमीटरच म्हणायच्या. माझी आत्या मासळीची पाटी घेऊन जाता जाता ओरडायची, "ओ सेंटीमीटर, आज पानी कुठपरत?" काका आकडा सांगायचे. तो चुकायचा नाही.

त्याआधी बावीस वर्षं ते एमआयडीसीत एका वजनकाट्यांच्या कारखान्यात होते. काट्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहायचे. एपीएमसी मार्केटमध्ये कांद्याची गोणी ज्यावर चढायची, त्यातल्या कितीतरी काट्यांच्या पोटात काकांचं सी होतं. एकदा वजन घेणारा भाग एकाने लिहिला आणि आकडा दाखवणारा दुसऱ्याने. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि काटा मात्र चुकीचं दाखवत होता. "मधल्या मधे काय होतं ते कोणी विचारतच नाही," काका म्हणायचे. परत बोलून दाखवायची सवय तेव्हापासूनची. पुढे कारखाना गुजरातला गेला, काका इथेच राहिले.

मी तेव्हा गावच्या प्रश्नांवर पत्रकं वाटायचे. अजूनही वाटते. गावाच्या वरच्या अंगाला भराव पडला, नाल्याचं तोंड चिंचोळं झालं आणि उधाणाचं पाणी आमच्या खालच्या आळीत शिरायला लागलं. आत्याचं घर त्याच आळीत. भराव टाकायला एक सही पुरते. पाणी घरात येतं हे सांगायला मात्र आम्ही पुरावा द्यायचा, तक्ते द्यायचे, अर्ज तीन प्रतींत द्यायचा. ज्यांच्या पायाशी पाणी, त्यांनीच ते सिद्ध करायचं! मी काकांपुढे असंच भाषण ठोकलं. त्यांनी बोट वर केलं. "मला पोचलं ते असं. पाणी कुणाच्या घरात किती येईल हे तुला आधी दाखवायचं आहे. बरोबर?"

दोन वर्षं बांबूवरची पातळी लिहून त्यांनी सी मध्ये एक फंक्शन बसवलं होतं. त्याला बांबूच्या शून्यापासून घराच्या उंबऱ्याची उंची आणि तारीख द्यायची. त्या दिवशी उंबऱ्यावर किती पाणी चढेल ते फंक्शन सांगायचं. मला ते गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर हवं होतं, म्हणजे वेबपानावर, आणि अशा पानाची भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. तेवढी मला कॉम्प्युटर क्लासमुळे येत होती. मी म्हटलं, "काका, तुमचं सगळं मी जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहून काढते."

"नको. हे दोन वर्षं पाण्यासमोर तपासलंय. नव्याने लिहिलंस तर परत दोन वर्षं उभी राहणार का बांबूपाशी?"

मग त्यांनी मला दाखवलं. सी चा प्रोग्रॅम कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राला थेट चालवता येईल अशा रूपात उतरवायचा. ब्राउझरला चालेल अशीही फाइल त्यातून काढता येते. ती पानाला जोडायची आणि जावास्क्रिप्टमधून त्या फंक्शनला नाव घेऊन हाक मारायची. पहिल्यांदा मी हाक मारली आणि आत्याच्या उंबऱ्याचा आकडा पानावर उमटला, तेव्हा टपरीवर मी एकटीच टाळ्या वाजवल्या. काकांनी डोळे मिटले. "ए पत्रकवाली, हाक मारणं सोपं आहे. पलीकडे काय पोचलं ते बघायचं. जावास्क्रिप्ट काहीही देते, सी त्याला पाहिजे तेवढंच घेते. आणि मधे कोणी ओरडत नाही."

भरावाविरुद्धच्या आमच्या तक्रारीवर सुनावणी लागली. तिच्या अर्जात उंची मीटरमध्ये हवी होती. मी गावातल्या उंबऱ्यांची सगळी यादी मीटरमध्ये करून घेतली आणि घाईत तीच पानालाही जोडली. आत्याचा उंबरा चारशे पंच्याऐंशी सेंटिमीटर. आता झाला चार पॉइंट आठ पाच. काकांच्या फंक्शनला सेंटिमीटर हवे होते, आणि तेही पूर्णांकात. पॉइंटच्या पुढचं त्याने गाळलं आणि उरलेले चार हे चार सेंटिमीटर धरले, म्हणजे गावातला प्रत्येक उंबरा जवळजवळ बांबूच्या बुडाशी गेला. काही अडलं नाही, एरर आली नाही. मी पान उघडलं, खालची आळी लालभडक, म्हणजे पाण्याखाली. मला तेच हवं होतं. मी बाकीचं गाव बघितलंच नाही.

सुनावणीच्या सकाळी काकांनी फोन केला होता. "मी एकदा बघू का?" मी म्हटलं, "काका, आता टाइम नाय."

कार्यालयात पान पडद्यावर लावलं. साहेबांनी आळी सोडून गावदेवीच्या देवळावर बोट ठेवलं. देऊळ टेकाडावर आहे. पडद्यावर आकडा आला.

"देवळात साडेचार मीटर पाणी? मग देवी पोहते का?"

सगळं कार्यालय हसलं. आमच्यातलेही हसले. कुणाचंही वाक्य तोडून बोलणारी मी, चपला बघत बसले.

मागे येऊन बसलेले काका उभे राहिले. "साहेब, फंक्शन माझं आहे. चूक माझ्या बाजूची."

अर्ज बाजूला ठेवला गेला. नव्याने मोजणी करा म्हणाले. पावसाळा तोंडावर होता.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. लॅपटॉप उघडून माझी यादी त्यांनी पाहिली, पहिल्याच ओळीवर थांबले. त्यांना कळलं, हे मला कळलं. मी म्हणाले, "काका, काल…"

"बोल."

"काल ऊन फार होतं."

त्यांनी बोट वर केलं. डोळे मात्र या वेळी मिटले नाहीत. "मला पोचलं ते असं. काल ऊन फार होतं." मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि फंक्शनमध्ये तीन ओळी वाढवल्या. उंची न पटणारी आली, तर आता पान सांगतं, 'उंची परत तपासा.' चहा न घेता गेले.

नंतर धक्क्यावर सुरू झालं. "काका, देवीला पोहायला शिकवलंत काय?" सगळ्यात मोठ्याने आत्या. तेही हसायचे. आकडा विचारणं मात्र लोकांनी बंद केलं. मी तिथेच असायचे. एक वाक्य पुरलं असतं. भरावाविरुद्ध मी चार पत्रकं काढली. ते वाक्य एकातही घातलं नाही.

श्रावणातल्या उधाणाला आत्याच्या उंबऱ्यावर वीतभर पाणी चढलं. पाणी ओसरल्यावर भिंतीवरचा डाग मी मोजला. एकवीस सेंटिमीटर. मग त्या दिवसाची तारीख आणि चारशे पंच्याऐंशी टाकून काकांच्या फंक्शनला हाक मारली. एकवीस.

हे सांगायला घणसोलीला गेले, तर खोलीला दुसऱ्याचं कुलूप. घरमालकीण म्हणाली, माणगावकडे बहिणीकडे गेले. पत्ता मागितला असता तर तिने दिला असता. मी मागितला नाही, म्हटलं फोन करू. दिवाळीनंतर तीच मला बाजारात भेटली. म्हणाली, "तुमचे ते काका गेले की. झोपेतच."

हे सगळं लिहून झाल्यावर मी पहिल्यांदा आत्याला वाचून दाखवलं. ती कोळंबी सोलत होती. हात थांबले.

"मंजे चूक तुजी व्हती. नि आमी त्याला हसलो." तिने माझ्याकडे बघितलं. "बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले. काकांनी याच शब्दाची वाट बघितली होती, आणि मी तो उन्हावर खर्च केला.