चेंडू हुकवण्याची परीक्षा, मुक्काम हिंगणघाट

प्रस्तुत लेखक चित्रपटनिर्माता आहे, हे वृत्त आमच्या गृहस्वामिनीस अद्याप पुरतेसे पटलेले नाही. वस्तुस्थिती अशी की, वर्ध्याकडच्या काही तरुण मंडळींनी बेसबॉलवर चित्रपट काढायचे योजिले, भांडवल नसल्यामुळे जनता जनार्दनापुढे हात पसरला, आणि भाचीच्या आग्रहास्तव अस्मादिकांनी एका मध्यम प्रतीच्या भोजनाइतकी रक्कम त्या यज्ञात समर्पित केली. प्रत्युत्तरादाखल पत्र आले. हिंगणघाटला खुली निवड चाचणी आहे, नट नकोत, खरे खेळाडू हवेत, आपणही पाहायला यावे. संबोधन होते 'प्रिय निर्माते'. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाचा विवेक ढळायला एवढे पुरते. मी पुण्याहून तिकीट काढले.

"तिथे तुम्हांला ओळखतं कोण?" गृहस्वामिनीने विचारले.

"निर्मात्याला ओळखीची आवश्यकता नसते," असे बाणेदारपणे म्हणून मी निघालो, आणि जेवणाचा डबा ओट्यावर विसरलो.

ज्यांना हा मार्ग अनुसरायचा आहे त्यांच्या हितार्थ : पुण्याहून संध्याकाळी निघणारी नागपूरची गाडी सकाळी वर्ध्याला उतरवते. वातानुकूलित तिसऱ्या वर्गाला हजार-बाराशे पडतात. स्थानकाबाहेर तर्री-पोहे मिळतात, तीस रुपये बशी. तर्री म्हणजे पोह्यांवर ओतलेला चण्यांचा लालभडक रस्सा. पहिल्या घासाला मला पूर्वज दिसले, दुसऱ्याला ते आशीर्वाद देऊ लागले, तिसऱ्यानंतर मी आणखी एक बशी मागितली. पुढे हिंगणघाटची एसटी, सुमारे तासाभराचा प्रवास. जानेवारीचा महिना, कापसाचा हंगाम. खच्चून भरलेले ट्रॅक्टर जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याकडे, निघालेले, आणि वाटेतल्या बाभळींना इतका कापूस अडकलेला की हे त्यांचेच पीक असावे.

मैदानही एका जिनिंगच्या मागेच होते. फक्कीने आखलेल्या रेघांवर कापसाचे पुंजके येऊन बसत, त्यामुळे रेघ कोठे संपते आणि कापूस कोठे सुरू होतो, हे पंचांनाही सांगता येत नव्हते. दिग्दर्शक निनाद नावाचा तिशीतला सडपातळ तरुण. त्याने लगबगीने खुर्ची पुढे केली.

"बसा काका. निर्मात्यायसाठी एकच खुर्ची हाये, अन् आज तुमी एकटेच आले."

सिंहासन प्राप्त झाले. त्यावरून मी साठेक उमेदवारांचे अवलोकन केले. कोणी पोलीस भरतीची तयारी करणारे, कोणी शाळेत खेळ शिकवणारे, एक जण तर मेडिकलचे दुकान सोडून पांढऱ्या कोटातच आलेला. त्यांनी धावावे, फेकावे, झेलावे आणि निनादने वहीत खुणा कराव्यात. मी दोन वेळा गांभीर्याने मान डोलावली. का, ते विचारू नये.

माझ्या शेजारी जमिनीवर पिशवी मांडीत घेऊन एक काकू बसल्या होत्या. आंजी मोठी या गावाहून सुनेला घेऊन आलेल्या.

"किराणा दुकान हाये आमचं. दोन दिवस बंद ठिवलं," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईकं शिव्या देऊन राह्यले असतीन."

"सूनबाई खेळाडू आहेत?"

"लग्नाआंधी राज्याकून खेळे. आता तीस पार झाली. घरी सांगून आली, इथं नाई जमलं त मिट शाळेले देऊन टाकतो, मंग नावच काढत नाई." त्यांनी पिशवी थोपटली. "मी म्हनलं, हारून आली त आयुष्यभर तोंड पाडून तूरडाळ तोलन. त्यापरीस मीच येतो संगं."

मिट म्हणजे कॅचरचा कातडी हातमोजा, उशीएवढा जाड. बॅट्समनच्या मागे उकिडवे बसून, पिचरने वेगाने फेकलेला प्रत्येक चेंडू त्यात झेलायचा, हे कॅचरचे कर्म. काकूंची सून प्रणाली मुखवटा चढवून त्या जागी बसली आणि समोरून रोशनीने चेंडू फेकला. ही रोशनी तिची बारा वर्षांपासूनची जोडीदारीण, हिंगणघाटच्याच एका शाळेत खेळशिक्षिका. फट्ट असा आवाज झाला. जिनिंगच्या भिंतीवरची कबुतरे उडाली. मी मान डोलवायला विसरलो. पुढचा अर्धा तास त्या दोघी एक शब्दही बोलल्या नाहीत. प्रणाली मांड्यांच्या आड बोटे दाखवी, एक म्हणजे सरळ वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळणारा. रोशनी तोच चेंडू टाकी आणि मिट आधीच तेथे जाऊन थांबलेला असे.

निवड जवळजवळ झालीच होती. मग निनादने कथेतला कळीचा प्रसंग सांगितला. अंतिम सामना, शेवटचा चेंडू, कॅचरच्या हातून तो सुटतो आणि संघ हरतो. चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध त्या एका चुकीवर उभा होता.

"ताई, हा एक बॉल हुकवून दाखवा फक्त."

अकरा चेंडू आले. अकराही तिने झेलले.

"हात ऐकूनच नाई राह्यला," ती ओशाळून म्हणाली. बाराव्याला तिने प्रयत्नपूर्वक मिट उघडा ठेवला, आणि ते दृश्य नासका टोमॅटो टाकून देणाऱ्या गृहिणीसारखे दिसले.

"खोटं दिसून राह्यलं, ताई," निनाद म्हणाला. खेळ खरा दाखवू, एवढ्या एका वचनावर त्याने लोकांकडून पैसा घेतला होता. नागपूरची आणखी एक मुलगी शर्यतीत होती. तिचा चेंडू फार सुंदर हुकत असे. दुर्दैवाने प्रत्येकच हुकत असे. "उद्या सकाळी शेवटचं पाहू. नाई जमलं त तिलेच शिकवतो."

काकूंनी पिशवी आवळली. संध्याकाळी बसस्थानकाजवळच्या खानावळीत काकू, प्रणाली, रोशनी आणि मी एकाच बाकावर होतो. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा, ज्वारीची भाकरी, नव्वद रुपयांत पोटभर. प्रणालीने भाकरीचा तुकडाही मोडला नाही.

"पोरी, मले त रोजच्या रोज दुधाचं पातेलं उतू जाऊ देता येते," काकू म्हणाल्या, "अन् तुले एक बॉल सोडता येत नाई?"

प्रणाली हसली, पण हलकेच. मी सांत्वनार्थ दोन सुभाषिते योजली होती. ती मी रश्श्याबरोबर गिळली, आणि तीच त्या दिवसाची माझी सर्वोत्तम कामगिरी ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानात आली ती थेट रोशनीकडे गेली. दोघी माझ्या सिंहासनापाशीच उभ्या होत्या.

"मी बोट दाखवीन तेच टाकत जा. अन् मधात कवातरी दुसराच टाकजो. कवा, ते मले सांगू नको."

"येडी झाली का?" रोशनी म्हणाली. "लागन तुले."

"मास्क हाये न."

"मास्क थोबाडाले हाये, खांद्याले नाई. बारा वर्सं झाले, तू मांगितलं तेच टाकलं मी. एकडावही बदलवलं नाई."

"म्हनूनच त मले हुकवता येत नाई."

रोशनी बराच वेळ चेंडूची शिवण अंगठ्याने चाचपत राहिली. मग आपल्या जागी चालत गेली.

पहिला चेंडू सांगितला तसा. दुसराही. पाचवा झाला तेव्हा मला वाटले, रोशनीच्याने हे होणार नाही. सहाव्याला प्रणालीने दोन बोटे दाखवली. मिट खाली, उजवीकडे सरकला, वळणाऱ्या चेंडूच्या स्वागताला. चेंडू वळला नाही. सरळ आला, खांद्याला घासला आणि मागच्या जाळीत जाऊन आदळला.

ती अर्धवट उठली. चेंडूकडे तिने पाहिलेच नाही, आधी पाहिले रोशनीकडे. स्वतःच मागून घेतलेला दगा होता तो. तरी तिच्या डोळ्यांत जे होते त्याला माझ्या संपूर्ण संस्कृतप्रचुर भांडारात शब्द सापडेना. मग तिने मुखवटा भिरकावला, जाळीकडे धावली, चेंडू उचलला आणि फेकला. सामना कल्पनेतला, धावणारा कोणीच नाही, तरी चेंडू नेमका त्याने गाठायच्या ठाण्यावर, बेसवर गेला.

निनाद वहीत खूण करायचे विसरला. रोशनी फेकण्याच्या जागीच मटकन बसली होती. "माफ कर वो बाई," ती रडत रडत हसत होती. "तुह्यासंग खोटं बोललो मी."

"खांदा सुजला माह्या," प्रणाली म्हणाली आणि तिला उठवायला हात दिला.

"हेच पाह्यजे होतं," निनाद पुटपुटला.

"मंग निवड झाली का नाई तिची, ते बोल न बाबू," काकू कडाडल्या. "का आनखी एकडाव मारता पोरीले?"

"झाली काकू. दोघींचीही."

काकूंनी पिशवीतून हळदीची पुडी काढली. घरून निघतानाच घेतली होती म्हणे. सून हरून येईल म्हणून नव्हे, लागून घेईल म्हणून.

दुपार मोकळी होती, म्हणून मी समुद्रपूरमार्गे गिरडला गेलो. एक बस आणि एक सामायिक ऑटो, सगळे मिळून शंभराच्या आत. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. चढ सौम्य असला तरी निर्मात्याच्या गुडघ्यांनी दोनदा विश्रांती मागितली. वर वारा छान, सर्व धर्मांची माणसे, आणि पायथ्याशी सुपारीएवढे गोल दगड. बाबांची थट्टा करणाऱ्या एका व्यापाऱ्याचा माल असा दगड झाला, अशी आख्यायिका आहे. थट्टेखोरांनी हे स्थळ अवश्य पाहावे. मी तेथे तासभर मौन पाळले.

घरी परतलो. गृहस्वामिनीने हिशेब नव्हे, हकिकत मागितली. मी सांगितली, आणि वर्ध्याहून आणलेल्या गोरसपाकाच्या बिस्किटांचा पुडा तिच्याकडे फेकला. तिने पोळी लाटता लाटता, मान न वळवता, डाव्या हाताने झेलला. परत माझ्याकडे टाकला, तो माझ्या हातून निसटून जमिनीवर पडला. जे साधायला एका निष्णात खेळाडूला दोन दिवस लागले, ते मी विनासायास केले. आजवर हुकलेल्या गोष्टींबद्दल मी 'सोडून दिले' असे म्हणत आलो आहे. त्यांतल्या किती खरोखर सोडल्या आणि किती नुसत्या निसटल्या, याचा त्या संध्याकाळी प्रथमच विचार केला. उत्तर निर्मात्याच्या प्रतिष्ठेस साजेसे नव्हते.

काल रोशनीने एक छायाचित्र पाठवले. चित्रीकरण सुरू झाले आहे. चित्रात प्रणाली नाही, निनाद नाही, कॅमेराही नाही. आंजीच्या दुकानाचे बंद शटर आहे, आणि त्यावर खडूने, काकूंच्या ठसठशीत अक्षरात लिहिले आहे :

'दुकान बंद. सून बॉल हुकवाले गेली. सोमवारी येजो.'