व्हर्लिनचे गुडघे

आमचा व्हर्लिन टॉलेफसन विधानसभेला उभा राहिला आणि त्याचं प्रचार कार्यालय झालं माझं स्वयंपाकघर. मी त्याची थोरली बहीण, अर्डेल. घरात कॉफीचं भांडं मोठं आणि तोंड त्याहून मोठं, म्हणून ही नेमणूक.

व्हर्लिनने एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. गोठ्यावर जायचं, दूध भरून घ्यायचं, पावतीवर सही ठोकायची. पावती वाचायची नाही, आणि बोलायचं तर नाहीच. पाऊस येईल का विचारलं तर बघू म्हणणार, तुला मत देऊ का विचारलं तरी बघा म्हणणार. असला उमेदवार, आणि बायको मार्व्हिस गेल्यापासून तर आणखीच गप्प.

आमच्याकडे निवडणूक आली की जी ती संस्था उमेदवाराला प्रश्नावली पाठवते. बंदुका, रस्ते, शाळा, कुत्र्यांचे परवाने. बावीस आल्या. त्यांतली एक, गांजा कायदेशीर करा म्हणणाऱ्यांची. यावर तुझं मत काय, मी विचारलं.

"अभ्यास व्हायला हवा, असं लिही."

कुत्र्यांच्या परवान्यांवरही त्याचं हेच मत होतं.

आता मला कुणी मत विचारत नाही ही माझी जन्माची तक्रार. त्यात माझे गुडघे दोन वर्षं गांजाच्या गोळ्यांवर चालतात. नदीपलीकडे मिनेसोटात त्या राजरोस मिळतात, पूल ओलांडून इकडे विस्कॉन्सिनात आणल्या की गुन्हा. मग काय, हात सुटला. लिहिलं, की रोज अर्धी गोळी चघळल्याने गुडघे सुरळीत आहेत, झोप गाढ लागते, पुलावरून येताना तेवढं चोरासारखं वाटू नये. म्हटलं, वाचतंय कोण. व्हर्लिनने तर नाहीच वाचलं. बावीस कागदांवर सह्या ठोकल्या आणि केकचा दुसरा तुकडा मागितला.

त्या लोकांनी मात्र वाचलं. आणि छापलं, व्हर्लिनच्या फोटोखाली.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळतात आणि अर्धा मतदारसंघ जेवायला येतो. मी तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चटणी वाढत होते. समोरच्या टेबलावर गेलर्ड स्टूर, निवृत्त हवालदार. त्याची सगळी भावकी तो सांगेल तिथे मत देते, आणि यंदा त्याने व्हर्लिनला शब्द दिला होता.

"काय व्हर्लिन, गुडघे कसे आहेत?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. लोक हसले.

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. बहिणीने लिहिलं, एवढं म्हणाला असता तर सुटला असता. पण चर्चच्या या स्वयंपाकघराची प्रमुख मी. अंगाला गांजाचा वास येतो म्हणून हॅल्व्हर्सनच्या सुनेला इथून घालवणारीही मीच. मी चटणीच्या भांड्यात डोकं घातलं.

त्याने काटा खाली ठेवला.

"गुडघे ठीक आहेत," तो म्हणाला. "मार्व्हिसला शेवटच्या हिवाळ्यात अन्न जात नव्हतं. नदीपलीकडून मी त्या गोळ्या आणायचो, टँकरच्या केबिनमध्ये लपवून. पोलिसांची गाडी दिसली की आडवाटेला वळायचो. पण बायको बटाट्याचं सूप खायला लागली होती. कायदा बदलायला हवा. माझा अभ्यास झालाय."

एवढं तर तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता. कुणी हसलं नाही. गेलर्डने टोपी काढून मांडीवर ठेवली.

इथे मी गप्प राहायला हवं होतं. पण भावाचं बोलणं ऐकून मला भरून आलं, आणि भरून आलं की मी बोलते. हातातला चटणीचा डाव घेऊनच बाहेर आले.

"गेलर्ड, गुडघे माझे आहेत. ते सगळं मी लिहिलं. याने नुसती सही केली, वाचलंसुद्धा नाही."

गेलर्डने टोपी परत डोक्यावर चढवली आणि व्हर्लिनला म्हणाला, "न वाचता सही करतोस?"

गांजा त्याने माफ केला होता हो. बुडवलं ते मी.

व्हर्लिन अठ्ठ्याऐंशी मतांनी पडला. स्टूर भावकी नव्वदच्या आसपास आहे. हॅल्व्हर्सनच्या सुनेची मी जाऊन माफी मागितली. ती आता माझ्या शेजारी बटाटे सोलते आणि दर शुक्रवारी गुडघ्यांची चौकशी करते, अगदी गोड आवाजात.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी व्हर्लिन आला, चष्मा लावला आणि बावीसच्या बावीस प्रश्नावल्या वाचायला बसला. कुत्र्यांच्या परवान्यांपाशी थबकला.

"हे मी म्हणालो?"

"शब्द न् शब्द."

"पुढच्या वेळी मी स्वतः लिहिणार," तो म्हणाला, आणि टेबलावरचं माझं पेन उचलून खिशात घातलं.

पुढच्या वेळी म्हणाला, ऐकलंत ना? मी मोठ्या भांड्यात कॉफी चढवली.