ताटासमोरचा अंगठा

जेवायला बसले की सर आधी एक डोळा मिटून ताटाकडे बघायचे. मग हात लांब करून अंगठा ताटासमोर उभा धरायचे, जरा भातावर, जरा बटाट्याच्या भाजीवर. पाहणाऱ्याला वाटावं, आता हा माणूस भाताच्या मुदीचं चित्र काढणार. ज्याच्यापायी अख्खी पंगत खोळंबते, असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. अंगठा खाली आला की सर म्हणायचे, "हं, कळलं." खिशातून इन्सुलिनचं पेन काढायचे, त्याची चकती फिरवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पोटात टोचून घ्यायचे.

बडोद्यातल्या आमच्या मराठी शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. पुढे समा भागातल्या एका सोसायटीत आम्ही समोरासमोर राहायलाही आलो. शाळेत बाकीचेही सर होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की ते हेच.

मधुमेह त्यांना तरुणपणापासून होता. वहिनी असेपर्यंत त्याचा फारसा गाजावाजा नव्हता. त्याच पोळ्या, तेवढाच भात, तीच वेळ आणि इन्सुलिनही ठरलेलं. आंब्याच्या दिवसांत सर बाकीच्यांकडे पाठ करून जेवायचे, एवढंच. वहिनी गेल्या आणि घडी विस्कटली. कधी जेवण जास्त, कधी नुसता चहा, आणि साखर कधी आभाळाला तर कधी पाताळात. शेवटी डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यातल्या एका आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. तिने सांगितलं, इन्सुलिनच्या मापाने जेवू नका, जेवणाच्या मापाने इन्सुलिन घ्या. ताटात कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर, किती ते मोजा, मी देते त्या आकड्याने भागा, तेवढं टोचा. तिथून सर तडक माझ्या दारात आले.

"बाई," ते म्हणाले, "या वयात मला त्रैराशिक शिकवा."

शिकवलं. इतका हूड विद्यार्थी मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. स्वयंपाकघरातला काटा आणून दिला तर म्हणाले, वजन करून कुणी चित्र काढतं का? त्यांनी आपली वेगळीच रीत काढली. आधी अंगठा धरून अंदाज सांगायचा, मग काट्यावर ठेवायचं, जेवण झाल्यावर काही वेळाने बोट टोचून साखर बघायची. सुरुवातीला अंदाज सपशेल आपटायचे. साबुदाण्याच्या खिचडीने तर त्यांचं पार नाक कापलं. पण हळूहळू नजर बसली. काटा आणि अंगठा एकच उत्तर देऊ लागले आणि मी काटा परत घेऊन आले. कित्येक वर्षांनी त्यांनी वाटीभर आमरस खाल्ला तो माझ्याच घरी. वाटी खाली ठेवताना त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

पण हे गाव पडलं बडोदं. इथे साखर दिसेल तिथे नसते आणि नसेल तिथे असते. दाळीत गूळ, कढीत साखर, वांग्याच्या भाजीतही चिमूटभर. अंगठा काही वाटीच्या आत जात नाही. म्हणून सर जातील तिथे विचारायचे, "यात गूळ किती?" लग्नाच्या जेवणात आचाऱ्याला विचारत. निजामपुऱ्यातल्या सेव-उसळवाल्याला विचारलं, तर त्याला वाटलं काका चवीला नावं ठेवतात. त्याने सरांच्या देखत रश्शात आणखी गूळ घातला, आणि मग बिचाऱ्या सरांना पुन्हा विचारावं लागलं.

एकाच घरी ते विचारत नसत. त्यांच्या भिंतीला भिंत लागून हंसाबेनचं घर. वहिनी गेल्यापासून दर रविवारी तिथून दाळ यायची, सणावारी गोडधोड. ती दाळ सरांनी इतक्यांदा खाऊन, इतक्यांदा बोट टोचून पाहिली होती, की ते म्हणायचे, "बेन, तुमचा हात मला पाठ आहे." हंसाबेनना हे ऐकून कोण आनंद व्हायचा. मला मात्र ते वाक्य कधी आवडलं नाही. शेवटची पायरी गाळलेलं गणित बरोबर आलं तरी मी त्याला पूर्ण मार्क देत नसे.

मग एका दुपारी ते झालं. हंसाबेनच्या हिंचक्यावर झोके घेत सर एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगत होते आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. चेहरा शांत. घाम नाही, थरथर नाही. पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा चालली आहे. हंसाबेननी मात्र धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं आणि घोट घोट पाजलं. सर भानावर आले ते, आम्ही दोघी अशा का बघतोय, असं विचारतच.

डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या आजारात असं होतं. साखर खाली जाताना शरीर आधी जी सूचना देतं, ती यांना आता मिळत नाही. इन्सुलिन जास्त झालं आणि हे झोपेत असले, तर कुणाला कळणारही नाही.

सर हसले. "बाई, घंटा बंद पडली, पण शाळा चालू आहे."

मी हसले नाही. त्या दिवसापासून आमचं ठरलं. दुपारची विश्रांती झाली की चहाच्या वेळेला त्यांनी माझ्या बाजूची खिडकी उघडायची आणि अंगठा दाखवायचा. हंसाबेनकडे त्यांच्या दाराची किल्ली दिली. रोज अंगठा दिसायचा. तरी ती खिडकी उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. हातातलं काम टाकून मी तिकडेच बघत बसायची.

हंसाबेनच्या मुलीचा साखरपुडा घरीच होता. सर इस्त्रीचा झब्बा घालून आले. हंसाबेननी त्यांचं ताट स्वतः वाढून आणलं: पुऱ्या, बटाट्याची भाजी, दाळ आणि वर केशर घातलेलं वाटीभर श्रीखंड. सरांनी डोळा मिटला, अंगठा धरला. "हं, कळलं." पेनाची चकती त्या दिवशी बराच वेळ कटकट वाजत राहिली. मी भुवया उंचावल्या, तर म्हणाले, "श्रीखंड आहे बाई, आज सूट नाही."

हिशेब चोख होता. मीही मनात करून पाहिला होता.

वाटी त्यांनी चाटूनपुसून साफ केली. हंसाबेन दारात उभ्या राहून ते बघत होत्या आणि त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. मग सर उठले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा पडतो म्हणून घरी गेले.

चहाची वेळ झाली. खिडकी उघडली नाही.

मी हंसाबेनना पाहुण्यांमधून उठवून आणलं. सर खुर्चीतच होते. चष्मा डोळ्यांवर, मांडीवर साखर तपासायचं यंत्र, पट्ट्यांची डबी उघडी. बोट टोचायचं राहिलं होतं. आम्ही त्यांच्या ओठांना साखर लावली. ती ओठांवर तशीच राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, जेवणात काय काय होतं. मी सांगू लागले, तर हंसाबेननी पदराने डोळे पुसत मला अडवलं.

"कंई गळ्युं नव्हतं, साहेब, गोड काहीच नाही. सरसाठी तर मी जुदुं, वेगळं बनावलं होतं. श्रीखंडमां खांड नाही, साखरेचा दाणा नाही, दाळमां गोळ नाही. ती शुगर-फ्री, मिठाशवाली पावडर येते ने, ती घातली. त्यांना सांगितलंसुद्धा नाही. एक दिवस तरी सगळ्यांसारखं खाल्ल्यासारखं वाटू दे, म्हणून."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे. वाटीत जी साखर सरांना दिसली ती वाटीत नव्हतीच, आणि तिच्यासाठी घेतलेलं इन्सुलिन मात्र पोटात गेलं होतं. त्या एकाच घरी त्यांनी विचारलं नव्हतं.

सरांनी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गेले.

स्मशानातून पुरुष माणसं परतल्यावर हंसाबेन माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसल्या. "बेन, मारा घरनुं जेवण तर त्यांना नडलं नाही ने?"

"नाही," मी लगेच म्हणाले. "त्यांचं हृदयच थकलं होतं."

चुकीच्या उत्तराला मी जन्मात कधी मार्क दिले नाहीत. ते उत्तर मी आजही बदलणार नाही. हंसाबेननी मान हलवली आणि मला वाटलं, पटलं. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

मग काही रविवारांनी त्या माझ्या दारात आल्या, हातात झाकलेला वाडगा घेऊन. मी घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी वाडगा सोडला नाही.

"दाळ छे. आमां गोळ छे, हं. मोटो गांगडो."

मला मधुमेह नाही. मी काही विचारलंही नव्हतं. पण तेव्हापासून दर रविवारी त्या दारात उभ्या राहून सांगतात, दाळीत गूळ किती, कढीत साखर किती. माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी "हं, कळलं" म्हणेपर्यंत वाडग्यावरचा त्यांचा हात सुटत नाही.