उजव्या कडेच्या ओळी

आमचं कृषी केंद्र मोताळ्यात बाजाराच्या रस्त्यावर होतं. पुढे काउंटर, मागे औषधांच्या बाटल्यांचं कपाट आणि एक दार ओलांडलं की मागची खोली. त्या खोलीत बियाण्याची खोकी, फवारणीचे पंप आणि बिलं करायला म्हणून आणलेला कॉम्प्युटर. नवरा बिलं हातानेच लिहायचा, कारण गिऱ्हाईक समोर उभं असताना लाइट गेली की सगळंच अडायचं. त्यामुळे कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला. दुपारी दुकान सुस्तावलं की मी त्याच्यासमोर बसून लोकांच्या ब्लॉगांची परीक्षणं लिहायचे.

त्याची सुरुवात अशी झाली की आधी मी स्वतःचा ब्लॉग काढला होता. त्यावर कविता टाकल्या, एक दिवाळीच्या आठवणींचा लेख टाकला. कुणी फिरकलं नाही. मग एकदा कंटाळून मी दुसऱ्याच्याच ब्लॉगबद्दल लिहिलं: कॅनडातल्या एका गृहस्थांचा ब्लॉग होता, भाषा गोड, पण पानावर सतत बर्फ पडायचा आणि पान उघडलं की बासरी सुरू व्हायची. मी लिहिलं, बर्फ तुमच्या दारात पडतो तेवढा पुरे, वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर कशाला? त्यांनी ते वाचलं, बासरी बंद केली आणि आभार मानले. चार लोकांना सांगितलंही. मग लिंका येऊ लागल्या. आमचाही ब्लॉग बघा, लेखन कसं वाटतं, मांडणी कशी वाटते, मोकळेपणानं लिहा.

मी मोकळेपणानं लिहायचे. जोडाक्षरं फुटून चौकोन दिसतात. पिवळ्यावर पांढरी अक्षरं वाचवत नाहीत. दर ओळीनंतर तीन टिंबं कशासाठी? तुमच्या आजोळच्या विहिरीचं वर्णन सुंदर आहे, पण तीच विहीर तुम्ही चार लेखांत खणली आहे.

मी नाशिकची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा मला इथली बोली कळायची, पण बोलता यायची नाही. मी तोंड उघडलं की बायका गप्प व्हायच्या, जणू शाळेत साहेब तपासणीला आलेत. मूल नव्हतं. त्याबद्दल कुणी टोचून बोलत नव्हतं, पण हळदीकुंकवाला मला बसायला जागा देताना बायकांच्या चेहऱ्यावर एक सावधपणा यायचा. नवरा मायाळू होता. सकाळी दुकान उघडायचा आणि दिवसभर लोकांच्या शेताबद्दल बोलून इतका दमायचा की घरी आल्यावर त्याच्यापाशी शब्द उरायचे नाहीत.

सासूबाई एकदा दुकानात आल्या. मी टाइप करत होते.

"काय करून राह्यली वं?"

"परीक्षण लिहितेय, आई."

"कोनाचं?"

"लोकांनी लिहिलेलं असतं, ते वाचून कसं आहे ते सांगायचं."

त्यांनी थोडा विचार केला. "त्याईले मालूम नसते का, कसं हाय ते?"

त्या शेजारच्या खोक्यावर बसून राहिल्या, पडद्याकडे बघत. मग म्हणाल्या, "बरं हाय. तुहं मन लागते तं लागू दे."

त्या सुमारास एक लिंक आली. सोबतच्या ई-पत्रात एकच ओळ होती: ताई, वेळ मिळाला तर बघा. ब्लॉग साधा होता. पांढरं पान, काळी अक्षरं, चित्र नाही, संगीत नाही, किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा नाही. फक्त सगळा मजकूर उजव्या कडेला लावलेला. मराठीच्या ओळी, पण सगळ्या उजवीकडे सरळ रेषेत उभ्या आणि डावीकडे उसाच्या फडासारख्या कमी-जास्त. मला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल.

मग वाचायला घेतलं. लिहिणारी एका उर्दू शाळेत शिकवत होती. एका लेखात तिनं वेचणीच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. कापूस फुटला की वर्ग रिकामा होतो. एक दिवस एकच मुलगी आली. तरी हिनं हजेरी घेतली. ती एकेक नाव घेई आणि ती मुलगी सांगत जाई, ही अमक्याच्या वावरात गेली, ही तमक्याच्या, हिला ताप आहे पण तीही गेली. सगळी नावं झाल्यावर मुलीनं विचारलं, "मी बी जाऊ का, मॅडम?" लेख तिथंच संपत होता. तिनं काय उत्तर दिलं ते लिहिलंच नव्हतं.

मी तो लेख पुन्हा वाचला. नाशिक सोडल्यापासून पहिल्यांदा मला आसपासचं कुणीतरी माझ्याशी बोलल्यासारखं वाटलं. मी तिला विचारलं, मजकूर उजवीकडे का?

तिचं उत्तर आलं: "ताई, माझा हात तिकडूनच सुरू होतो. मराठी डावीकडून लिहायची हे ठाऊक आहे. पण पान डावीकडून भरलेलं दिसलं की दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं."

मग मराठीत का लिहितेस, असं मी विचारलं. तिनं लिहिलं, "उर्दूत लिहिलं तर घरचे वाचतील."

मी परीक्षण लिहिलं, चांगलं लांबलचक. मांडणीबद्दल लिहिलं की ओळी आहेत तिथेच राहू द्या, दोन लेखांनंतर डोळ्याला सवय होते. लेखनाबद्दल लिहिलं की ही बाई शेवटचं वाक्य लिहीत नाही आणि तेच तिचं बळ आहे. त्यावर प्रतिक्रिया आल्या. काही चांगल्या होत्या. पुण्याच्या एका वाचकानं मात्र लिहिलं की आशय ठीक, पण ही मराठी आहे की काय आहे? 'वावर', 'पऱ्हाटी', मध्येच 'फिकीर' आणि 'नसीब'. आधी भाषा शिकावी.

तिचा पुढचा लेख आला तेव्हा पऱ्हाटीचं कपाशीचं झाड झालं होतं आणि वावराचं शेत. लेख इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत होता, आणि त्यात ती कुठेच नव्हती. मी ताबडतोब पत्र लिहिलं, तुझे शब्द परत आण. तिनं थोडे आणले. सगळे कधीच आणले नाहीत.

ती वडनेर भोलजीची होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. कुणीतरी जिल्ह्यातलं असावं एवढाच माझा अंदाज होता. एका पत्रात मी मोताळ्याच्या आठवडी बाजाराचा उल्लेख केला, तेव्हा तिनं लिहिलं, "म्हणजे तुम्ही मोताळ्याच्या? माझी खाला म्हणजे मावशी तिथेच राहते."

ती आली ते सीताफळांच्या दिवसांत. दुपारची वेळ होती. बुरखा घातलेली, माझ्याहून बरीच लहान, हातात सीताफळांची पिशवी. काउंटरवर नवऱ्याला तिनं विचारलं, "ताई हायत का?" आणि तो गोंधळला, कारण मोताळ्यात मला ताई म्हणणारं कुणी नव्हतं.

मागच्या खोलीत आम्ही खोक्यांवर समोरासमोर बसलो. पत्रांतून आम्ही किती बोललो होतो, आणि आता नुसत्या चौकशा. मी विचारलं, बस लगेच मिळाली का. तिनं विचारलं, तुमच्याकडे लाइट किती वेळ असते. सीताफळं खाऊन झाली. बिया कुठे टाकायच्या यावर दोन वाक्यं झाली. शेवटी मी कॉम्प्युटर सुरू केला आणि आम्ही दोघी पडद्याकडे तोंड करून बसलो. मग मात्र ती बोलायला लागली. एकमेकींकडे न बघता आम्हाला बोलता येत होतं.

ती माझा ब्लॉग खाली खाली सरकवत गेली. परीक्षणं, परीक्षणं, परीक्षणं.

"ताई, एक बोलू?"

"बोल ना."

"तुम्ही सगळ्यांच्या घरात जाऊन येता. कुणाची भिंत कशी, कुणाचं अंगण कसं ते सांगता. पन तुमच्या इथं तुम्ही कुठं दिसतच नाही. मोताळं बी दिसत नाही. मले वाटलं होतं, तुम्ही मुंबईच्या असाल."

मी म्हटलं, "माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे?"

ती हसली नाही. पुढच्या दुकानातून एकजण नवऱ्याला विचारत होता, कीड लागत नाही असं म्हणून देलेलं बियाणं, मग पानं आकसून काऊन राह्यली? नवरा सांगत होता, बोंडअळी वेगळी आणि तुडतुडे वेगळे, हे बियाणं फक्त अळीला रोखतं. ती ते ऐकत होती. मग म्हणाली, "हे तुम्ही रोज ऐकता?"

"रोज."

"आन लिहीत नाही," ती म्हणाली.

त्यानंतर ती पुन्हा आली नाही. पत्रं मात्र चालू राहिली.

त्याच्या पुढच्या साली पावसानं मध्येच मोठी दडी मारली. त्या हंगामात बोंडअळी न लागणाऱ्या बीटी बियाण्यासाठी आमच्या दुकानासमोर पहाटेपासून रांग लागली होती. एका ठराविक वाणासाठी लोक भांडले होते. आता तीच पऱ्हाटी लाल पडू लागली. पानं कडेनं लाल, मग सगळी लाल, मग गळून खाली. लोक रोपं उपटून आणायचे आणि काउंटरवर ठेवायचे. नवरा पानं उलटसुलट करून बघायचा आणि कंपनीच्या माणसाला फोन लावायचा. तो येतो म्हणायचा.

एके दिवशी माणसं जरा जास्तच आली. आवाज चढले. कुणीतरी म्हणालं, तुमालेच इचारू ना, तुमी देलं. मी दारात उभी होते. नवरा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, त्याचा आवाज बसला होता. त्या घोळक्यात एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून एक झाड आणलं होतं, मुळांची माती जपून. बाकीचे निघून गेले तरी ते बाकावर बसून होते.

मी चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वडनेरची मास्तरीन, ते माही पोरगी होय."

मी बाकाच्या टोकाला टेकले.

"ते म्हने, अब्बा, तिथं ताई हायत. तिथं आवाज करू नका." त्यांनी चहा संपवला. "मी आवाज कराले नोयतो आलो. झाड दाखवाले आल्तो."

नवऱ्यानं ते झाड हातात घेतलं. दोघांनी मिळून पानं बघितली, खोड चिरून बघितलं. दोघांनाही त्यात नवं काही सापडलं नाही. जाताना त्यांनी झाड इथंच ठेवलं. परत न्यायचं तरी कशाला?

त्या संध्याकाळी मी तिला पत्र लिहिलं. अब्बा आले होते, झाड दाखवून गेले, असं लिहिलं. आमच्याकडचंच बियाणं त्यांनी पेरलं होतं हे तिला आधीपासून ठाऊक होतं, मला त्या दिवशी कळलं. बऱ्याच दिवसांनी तिचं उत्तर आलं: "कळलं, ताई. तुम्ही चहा दिला म्हणून ते सांगत होते." एवढंच.

तिच्या ब्लॉगवर नवा लेख आला नाही. मी रोज बघायचे. लोक आपल्या लिंका पाठवत राहिले, कुणाला नवा रंग कसा वाटतो ते हवं होतं, कुणाला शीर्षकाचा टाइप. मी उत्तरं देईनाशी झाले. मग एका दुपारी मी त्या दिवसाबद्दल लिहिलं. काउंटरवरची लाल पानं, नवऱ्याचा बसलेला आवाज, गोणपाटातलं झाड. नाशिकची असून मोताळ्याबद्दल लिहिलेलं ते माझं पहिलं पान. लिहून झाल्यावर मी तिच्या प्रतिक्रियेची वाट बघितली. ती आली नाही. कॅनडाच्या गृहस्थांनी लिहिलं की लेख हृदयस्पर्शी आहे, अक्षरं थोडी मोठी करता आली तर बघा.

दुकान चाललं. नवऱ्यानं पुढे सोयाबीनचं बियाणं जास्त ठेवायला सुरुवात केली. सासूबाई गेल्या. माझं परीक्षण लिहिणं सुटलं ते सुटलंच, पण अधूनमधून आपल्याकडचं काहीतरी लिहायची सवय राहिली. वाचणारे थोडे होते. गावात मी ते कुणाला सांगितलं नाही.

काही वर्षांनी नांदुऱ्याला एका लग्नाला गेले होते. लग्न लवकर आटोपलं आणि मी परतीच्या बसऐवजी वडनेरच्या बसमध्ये बसले. उर्दू शाळा विचारत गेले, तिथून घर. दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक बाई मिरच्या निवडत होती.

"ते लोकं सुरतले गेले," ती म्हणाली. "बाप, भाऊ, सगळेच. वावर सालभराच्या ठोक्यानं दुसऱ्याले देऊन गेले. पोरीचं लगन बी तिकडंच झालं."

"ती शिकवते का तिकडे?"

"मालूम नाई. तुमी कोन?"

"मैत्रीण. ती लिहायची, त्यामुळे ओळख झाली."

"काय लिहे ते?"

"गावाबद्दल. शाळेबद्दल, वेचणीबद्दल."

बाईनं मिरच्यांवरचा हात थांबवला. "आमच्या गावाबद्दल?" ती म्हणाली. "आमाले तं कधी सांगतलं नाई." मग तिनं मला पाणी आणून दिलं आणि हायवेवर गाडी कुठं थांबते ते सांगितलं.

थांब्यावर बराच वेळ बस आली नाही. कापसाच्या गाठी भरलेले ट्रक जात होते, उडालेले पांढरे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकले होते. माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली.

"कोनाकडं आल्ती, बाई?"

"मैत्रिणीकडे."

"भेटली?"

"नाही. गाव सोडून गेली."

"हाव," ती म्हणाली, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं. मग ती गुडघ्याबद्दल बोलायला लागली, मलकापूरच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांबद्दल, सुनेबद्दल. मी ऐकत राहिले. बस आली तेव्हा तिला आधी चढवलं, तिची पिशवी वर दिली. आत गर्दी होती. तिला पुढे जागा मिळाली आणि मी मागे उभी राहिले.