मावशीचा उजवा हात

माझी मावशी जुन्या चिनी मातीच्या फुलदाण्यांची पारख करायची. विकत घेण्याआधी संग्राहक तिला बोलवायचे. ती बांगड्या, अंगठी काढून ठेवायची आणि एक हात तळाखाली, दुसरा पोटाला लावून फुलदाणी तान्ह्या बाळासारखी उचलायची. कुणी मानेला धरून उचलली की तिचा जीव खालीवर व्हायचा. तिच्या घरातलं मांजरसुद्धा विचारून उडी मारतं, असं माझी आई म्हणायची.

मी तिच्या हाताखाली शिकायला लागले, तेव्हा एकदा तिच्या हातातला कप बशीवर वाजला. तिनं तो पटकन खाली ठेवला.

"गारठा आहे," ती म्हणाली.

गारठा नव्हता. त्यानंतर ती मालकांनाच फुलदाणी फिरवून दाखवायला सांगू लागली. "मला लांबून घाट बघायचाय," म्हणायची. घरी स्वतःच्या फुलदाण्यांच्या कपाटांजवळून जाताना मात्र ती दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरायची. तिची झोप उडाली होती. मला सगळं दिसत होतं, पण विचारायचं धाडस होत नव्हतं.

मग एका म्हाताऱ्या औषधवाल्यानं बोलावलं. दुकान मुलाकडे सोपवून तो आता फुलदाण्या जमवत होता. एका व्यापाऱ्यानं पसंतीसाठी दिलेली फिकट निळी, उंच फुलदाणी त्यानं दगडी टेबलावर ठेवली होती, खाली साधं फडकंही नाही.

मावशीनं भिंगातून झिलईतले बुडबुडे पाहिले. औषधवाल्यानं फुलदाणी आडवी धरली, तेव्हा तळाची झिलई नसलेली कड पाहिली. सगळं ठीक होतं.

"मानेला हात लावून बघावं लागेल," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळून हळूच पुटपुटली, "माझ्याजवळ उभी राहा."

तिनं उजवा हात पुढे केला. नख झिलईवर वाजलं. टिक. टिक. टिक. थांबेचना. फुलदाणी तळावर डुलली. मी दोन्ही हातांनी ती कवटाळली. मावशीचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"कधीपासून होतंय?" औषधवाल्यानं विचारलं.

"काय?"

"अहो, जन्मभर औषधं विकली मी. डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही."

"का बरं?"

"ते नाव सांगतील म्हणून."

त्यानं आत जाऊन गोधडी आणली, जमिनीवर अंथरली. मी फुलदाणी मांडीत घेऊन बसले. मावशीनं डावा अंगठा मानेभोवती फिरवला आणि एका जागी थांबली.

"इथं गार लागत नाही. मान तुटलीय. जोडून वरून रंग दिलाय."

त्यानं फुलदाणी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी तोच आम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. गोळ्यांनी कंप कमी होईल, जाणार नाही, असंही सांगितलं. जिन्यात कठडा धरून मावशी बराच वेळ रडली.

आता फुलदाण्या मी उचलते. ती शेजारी बसून बघते, डाव्या अंगठ्यानं चाचपते. काल मी एक रुंद पोटाची फुलदाणी उचलत होते, तेव्हा ती म्हणाली, "श्वास सोड."

मी म्हटलं, "आधी तू सोड."